हत्यारांचा हिशेब आणि कारीगराची अब्रू

सुताचे भाव, कापडाचा उठाव आणि विजेचे बिल या तीन विषयांवर आपल्या बाजारात रोज चर्चा होते. चौथ्या विषयावर मात्र कोणी फारसे बोलत नाही, कारण त्यातले नुकसान एका वेळी शे-दोनशे रुपयांचे, फार तर दोन-चार हजारांचे असते. हा विषय म्हणजे कामाच्या जागेवरून हत्यारे नाहीशी होणे. (आमच्या धंद्यात पाना, पक्कड, पेचकस यांना हत्यारेच म्हणतात, वाचकांनी दुसरा अर्थ घेऊ नये.) भिवंडी, मालेगाव किंवा इचलकरंजीच्या कोणत्याही कारखान्यात जाऊन जॉबरला विचारा. वर्षभरात किती पाने गेले, हे त्याला सांगता येणार नाही, पण गेले एवढे तो नक्की सांगेल.

आम्ही कापडाचे व्यापारी. आमचा संबंध मागवाल्याशी, प्रोसेसवाल्याशी, शिलाईवाल्याशी आणि गोदामातल्या हमालांशी रोजचा. या सर्व ठिकाणी हत्यारे कशी जातात, गेल्यावर काय घडते आणि ती जाऊ नयेत म्हणून काय करता येते, हे आम्ही गेली कित्येक वर्षे पाहत आलो आहोत. त्यातून जे कामाचे वाटले ते व्यापारी आणि कारखानदार बांधवांपुढे ठेवीत आहोत.

नुकसान किती, हे आधी समजून घ्या

समजा तीनशे रुपयांचा पाना गेला. नुकसान तीनशेचे झाले असे वाटते. पण रात्रपाळीत मागाचा बोल्ट ढिला झाला आणि त्या मापाचा पाना जागेवर नसला, तर माग सकाळपर्यंत बंद राहतो. आपल्याकडे विणकराला मजुरी मीटरवर किंवा फटक्यावर मिळते. माग बंद म्हणजे त्याची रोजी बंद. मालकाचे कापड कमी निघते, व्यापाऱ्याची डिलिव्हरी लांबते आणि पलीकडचा गिऱ्हाईक बिलातून रक्कम कापतो. तीनशेच्या पान्याने चार घरांना झळ लागते.

आमच्या गोदामातही तेच. सूत मोजण्याचे भिंग, कापडाचे वजन काढण्यासाठी गोल तुकडा कापणारे कटर, लहान इलेक्ट्रॉनिक काटा, गाठीची पट्टी आवळण्याचे यंत्र या वस्तू आकाराने लहान, किमतीने भारी आणि खिशात किंवा पिशवीत सहज मावणाऱ्या आहेत. भिंग नसले की माल तपासता येत नाही. तपासणी न करता घेतलेल्या मालात फटके कमी निघाले, तर जे नुकसान होते त्याच्यापुढे भिंगाची किंमत काहीच नाही.

फिरत्या कारीगराचे हाल सर्वांत वाईट. मागाचा फिटर, वायरमन, शिलाई मशीन दुरुस्त करणारा, कटिंग मास्टर यांची पिशवी हेच त्यांचे दुकान असते. केंद्र सरकारने १७ सप्टेंबर २०२३ रोजी पी. एम. विश्वकर्मा योजना सुरू केली. त्यात दर्जी, सुतार, लोहार, कुलूप बनविणारे अशा १८ व्यवसायांतील कारीगरांना हत्यारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत ठेवली आहे. हत्यारांशिवाय कारीगर उभा राहत नाही, हे सरकारनेही मानले आहे. पण या योजनेचा फायदा कुटुंबातील एकालाच मिळतो. ती पिशवी कोणी उचलून नेली, तर दुसरी कुठून आणायची?

चोरी झाली, की वस्तू उसनी गेली?

येथे आम्हाला एक गोष्ट स्पष्टपणे सांगायची आहे. जी वस्तू जागेवर नाही ती चोरीलाच गेली, असे धरून चालणे ही आपल्या बाजारातली मोठी वाईट सवय आहे. बहुतेक वेळा वस्तू शेजारच्या कारखान्यात उसनी गेलेली असते, दुसऱ्या पाळीच्या जॉबरच्या पेटीत असते, मागाखाली कचऱ्यात पडलेली असते किंवा भंगाराच्या गोणीत चुकून गेलेली असते. "दोन मिनिटांत देतो" म्हणून नेलेली पक्कड दोन महिने येत नाही. नेणारा चोर नसतो, विसराळू असतो.

आमच्या ओळखीच्या एका कारखान्यात ड्रिल मशीन दिसेनासे झाले. संशय आला रात्रपाळीच्या एका मुलावर, कारण तो नवा होता आणि परप्रांतातून आलेला होता. दुसरा पुरावा काहीही नव्हता. त्याला सर्वांसमोर उभे करून विचारले, त्याची पेटी उलटी केली, आठवड्याची मजुरी अडवली आणि काढून टाकले. पुढे सुमारे तीन आठवड्यांनी रिकाम्या बीमांची रास हलवताना ते ड्रिल भिंतीच्या कडेला सापडले. कोणीतरी वर पत्र्याचे काम करताना तेथे ठेवले होते. मशीन मिळाले, पण तो मुलगा मिळाला नाही. तो गाव सोडून गेला होता. मजुरी द्यायची तर कोणाला आणि माफी मागायची तर कोणाची?

भिवंडी-मालेगावच्या मागांवर उत्तर प्रदेश, बिहार, तेलंगणातून आलेले हजारो लोक काम करतात. आजमगढ किंवा मऊचा मुलगा येथे आला तर त्याच्याजवळ दोनच गोष्टी असतात, हातातले काम आणि तोंडी झालेली ओळख. "तो चोर आहे" एवढे एक वाक्य गल्लीत फिरले की त्याला कोणी मागावर उभे करीत नाही. म्हणून हत्यारांचा बंदोबस्त हा नुसता पैसे वाचविण्याचा विषय नाही. ज्याच्याकडे हिशेब नाही त्याला दुसऱ्यावर आळ घेण्याचा हक्क नाही, असे आमचे ठाम मत आहे.

जोखमीच्या वेळा

खरी चोरी होते तीही ठराविक वेळी होते. पाळी बदलताना, कारण तेव्हा येणारे आणि जाणारे दोघेही कारखान्यात असतात आणि जबाबदारी कोणाचीच नसते. जेवणाच्या आणि नमाजाच्या सुट्टीत. टेम्पो भरताना, जेव्हा शटर उघडे असते आणि सर्वांचे लक्ष गाठी मोजण्याकडे असते. बाहेरचा दुरुस्तीवाला येतो तेव्हा, कारण त्याची हत्यारे आणि आपली हत्यारे एकाच जमिनीवर पसरलेली असतात. आणि सणापूर्वीच्या आठवड्यात, जेव्हा कामगार गावी जातात आणि कारखाने बंद राहतात. या पाच वेळा सांभाळल्या तरी मोठा भाग सांभाळला जाईल.

पहिला उपाय : खूण

हत्यारावर खूण नसेल तर ते आपले आहे हे कोणासमोर सिद्ध करणार? बाजारात एकाच कंपनीचे, एकाच मापाचे पाने हजारोंनी मिळतात. लोखंडी हत्यारावर नंबर पंचाने दुकानाची दोन अक्षरे आणि अनुक्रमांक ठोकून घ्यावा. पंच ठोकताना हत्याराच्या तोंडावर किंवा धारेवर ठोकू नये, दांड्यावर ठोकावा. लाकडी मुठीला तापलेल्या सळईने डाग द्यावा. प्लास्टिकच्या वस्तूंवर, म्हणजे ड्रिल, ग्रायंडर, कटिंग मशीन यांवर कोरणीच्या पेनाने लिहावे, आणि ते दोन ठिकाणी लिहावे : एक उघड दिसेल असे आणि एक आडबाजूला. उघड खूण खरेदी करणाऱ्याला घाबरवते, आडबाजूची खूण नंतर ओळख पटवायला उपयोगी पडते.

त्यावर एखादा ठळक रंग मारावा. प्रत्येक कारखान्याने आपला रंग ठरवून घेतला आणि शेजाऱ्याला सांगितला, तर उसनी गेलेली वस्तू लांबूनच ओळखू येते. यासाठी एक डबा रंग आणि एक दुपार पुरते.

दुसरा उपाय : वही

एक शंभर पानी वही घ्या. प्रत्येक हत्यारासाठी एक ओळ : अनुक्रमांक, वस्तूचे नाव, कंपनी, मशीनवर कारखान्याने छापलेला नंबर, खरेदीची तारीख, दुकान, किंमत, बिल क्रमांक. मोबाईलमध्ये प्रत्येकाचा फोटो काढा आणि तो फोटो दुसऱ्या एखाद्या मोबाईलवरही पाठवून ठेवा. बिल पक्के घ्या. पाच-पन्नास रुपये वाचविण्यासाठी बिलाशिवाय घेतलेले मशीन हरवले, तर पोलीस ठाण्यात, विमा कंपनीत आणि न्यायालयात तिन्ही ठिकाणी आपण रिकाम्या हाताने उभे राहतो.

तिसरा उपाय : बिल्ला आणि फळी

रेल्वेच्या आणि इंजिनिअरिंगच्या मोठ्या कारखान्यांत एक जुना दस्तूर होता. प्रत्येक कामगाराला त्याच्या नंबराचे पितळी बिल्ले मिळत. हत्यार हवे असेल तर कोठीच्या खिडकीवर बिल्ला द्यायचा. कोठीवाला हत्यार देऊन त्या जागी खिळ्याला बिल्ला अडकवायचा. काम झाले, हत्यार परत केले, की बिल्ला परत. संध्याकाळी फळीकडे एक नजर टाकली की कोणते हत्यार कोणाकडे आहे ते कळे. त्यात कोणावर संशय घेण्याचा प्रश्नच येत नसे.

ही पद्धत बारा मागांच्या कारखान्यातही चालते. एक लाकडी फळी भिंतीला लावा. प्रत्येक हत्याराचा आकार तिच्यावर रंगाने काढा आणि त्या आकारावर खिळा ठोका. हत्यार टांगले असेल तर आकार झाकलेला दिसतो, नसेल तर रिकामा आकार डोळ्यात भरतो. पितळी बिल्ले नसतील तर पत्र्याचे करून घ्या. ज्याला लिहिता-वाचता येत नाही त्यालाही ही फळी समजते. वहीपेक्षा फळीचा हा फायदा मोठा आहे.

पाळी बदलताना जाणाऱ्या आणि येणाऱ्या जॉबरने फळीसमोर उभे राहून मोजणी करावी आणि मेहताने दोघांची सही किंवा अंगठा घ्यावा. याला पाच मिनिटे लागतात. वस्तू गेली तर ती कोणत्या पाळीत गेली हे त्याच दिवशी कळते. महिन्याने कळलेल्या चोरीचा छडा लागत नाही.

चौथा उपाय : कुलूप, पेटी आणि कॅमेरा

आपल्याकडे लोक अलीगढचे भक्कम कुलूप आणतात आणि ते ज्या कोयंड्यात लावतात तो कोयंडा मात्र बाहेरून चार स्क्रूंवर बसवलेला असतो. चोर कुलपाला हात लावीत नाही, पेचकसाने स्क्रू काढतो, आणि तो पेचकसही पुष्कळदा आपलाच असतो. कोयंडा आरपार बोल्टने बसवावा आणि बोल्टची चाकी आतल्या बाजूला ठेवावी. हत्यारांची पेटी जड असली तरी दोघे मिळून उचलून नेतात, म्हणून ती जमिनीला किंवा भिंतीला जखडून टाकावी. चावी एकाकडे, दुसरी चावी मालकाच्या घरी. तिसरी चावी नसावी. चावी सांभाळणारा माणूस काम सोडून गेला तर त्याच दिवशी कुलूप बदलावे. त्याच्यावर अविश्वास म्हणून नव्हे, तर उद्या काही झाले तर त्याचे नाव येऊ नये म्हणून.

कॅमेऱ्याचे फॅड सध्या फार आहे. कॅमेरा असावा, पण त्याच्या भरवशावर झोपू नये. मागाच्या कारखान्यात कापसाचा तंतू सतत उडत असतो, आठ-पंधरा दिवसांत कॅमेऱ्याच्या काचेवर थर बसतो आणि चित्रात धुके दिसते. काच नियमाने पुसावी. घड्याळ बरोबर आहे का ते पाहावे. चित्रण साठविणारा डबा कुलपात ठेवावा, नाहीतर चोर जाताना तोही नेतो. डिस्क भरली की जुने चित्रण आपोआप पुसले जाते, म्हणून वस्तू गेल्याचे कळताच ते चित्रण वेगळे काढून ठेवावे.

दारावर झडती घ्यायचीच असेल तर सर्वांची घ्यावी. मेहता, मालकाचा भाचा, सर्वांची. स्त्रियांची पिशवी स्त्रीनेच पाहावी. फक्त नव्याची किंवा फक्त परगावच्याची झडती घेणे हा बंदोबस्त नव्हे, तो अपमान आहे. कोणतीही वस्तू बाहेर जायची असेल तर मेहताच्या सहीची चिठ्ठी असावी, मग ती वस्तू मालकाने स्वतः दिलेली असली तरी.

बाहेरच्या कारीगराची पिशवी

फिटर किंवा वायरमन आपल्याकडे येतो तेव्हा त्याची पिशवी ही आपल्याकडे ठेवलेली अमानत आहे. त्याला बसायला जागा देतो तशी पिशवीला कुलपाची जागा द्यावी. आल्यावर त्याने हत्यारे मोजावी, जाताना मोजावी, आणि दोन्ही वेळा आपला माणूस जवळ असावा. त्याच्या हत्यारांची आणि आपल्या हत्यारांची सरमिसळ होऊ नये म्हणून कामाच्या जागी दोन वेगळ्या चादरी अंथराव्या. काम दोन दिवसांचे असेल आणि तो पिशवी ठेवून जाणार असेल, तर यादीवर दोघांच्या सह्या असाव्या.

पगारातून कापणे

वस्तू हरवली की मजुरी कापण्याचा रिवाज आपल्या बाजारात आहे. कायदा काय म्हणतो ते ऐका. १९३६ च्या वेतन कायद्यात आणि आता त्याच्या जागी आलेल्या २०१९ च्या वेतन संहितेत, जी २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली, या बाबतीत नियम आहेत. वस्तू त्या कामगाराच्या ताब्यात स्पष्टपणे सोपविलेली असली पाहिजे. नुकसान त्याच्याच हयगयीने झालेले असले पाहिजे. कापण्यापूर्वी त्याला आपली बाजू सांगण्याची संधी दिली पाहिजे. आणि नुकसानीपेक्षा एक पैसाही जास्त कापता येत नाही. सर्व कामगारांकडून थोडे थोडे कापून नव्या मशीनची किंमत वसूल करण्याला यात कोठेही जागा नाही. ज्याच्याकडे वही आणि बिल्ला आहे, तोच वस्तू सोपविल्याचे सिद्ध करू शकतो.

तक्रार आणि विमा

१ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. जुने कलम ३७९ आता कलम ३०३ मध्ये आहे. त्यात एक बदल आमच्या वाचकांनी ध्यानात ठेवावा. चोरीच्या मालाची किंमत ५,००० रुपयांपेक्षा कमी असेल, आरोपी पहिल्यांदाच दोषी ठरला असेल आणि त्याने माल किंवा किंमत परत केली, तर त्याला समाजसेवेची शिक्षा होते. एवढ्या किमतीची साधी चोरी अदखलपात्र धरली जाते, म्हणजे न्यायदंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलीस तपास करीत नाहीत. त्यामुळे गेलेल्या वस्तूंची एकूण किंमत बिलासह दाखविता येणे फार महत्त्वाचे झाले आहे. मात्र माल ठेवण्याच्या इमारतीतील चोरीसाठी कलम ३०५ आणि नोकराने केलेल्या चोरीसाठी कलम ३०६ आहे. दोन्हींत सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. एवढी मोठी शिक्षा ज्या आरोपाला आहे, तो आरोप रागाच्या भरात करू नये.

गुन्हा कोणत्याही ठाण्यात नोंदविता येतो, हद्दीचे कारण सांगून परत पाठविता येत नाही. इलेक्ट्रॉनिक मार्गाने तक्रार दिली तर तीन दिवसांत तिच्यावर सही करावी लागते. नोंदीची प्रत फुकट मिळते, ती मागून घ्यावी. माल सापडला तरी तो मुद्देमाल म्हणून जमा होतो आणि न्यायालयाच्या हुकमाने परत मिळतो. तेथेही खूण, नंबर आणि बिलच विचारले जाते.

विम्याबाबतही गैरसमज आहे. घरफोडीचा विमा म्हणजे सर्व चोऱ्यांचा विमा नव्हे. साधारणपणे कुलूप, दार किंवा खिडकी फोडून झालेल्या चोरीलाच तो लागू असतो, आणि आपल्याच नोकराने केलेली चोरी त्यात बसत नाही. त्यासाठी नोकरांच्या इमानदारीच्या हमीचा वेगळा विमा असतो. पॉलिसी घेण्यापूर्वी एजंटाला हे दोन प्रश्न विचारून उत्तर लेखी घ्यावे.

घेणाराही जबाबदार

चोरीचा माल घेणारा नसेल तर चोरणारा काय करील? मोटारीतले तांबे, केबल, ड्रिल मशीन हे सर्व शेवटी कोणाच्या तरी दुकानात जाते. जुन्या हत्यारांचा धंदा हा इमानदारीचा धंदा आहे, मुंबईच्या चोरबाजारात नावाप्रमाणे सर्व माल चोरीचा असतो असे मुळीच नाही, आणि गरीब कारीगराला स्वस्त हत्यार तेथेच मिळते. पण पंचाची खूण घासून काढलेली दिसली, किंवा दोन हजारांची वस्तू कोणी दोनशेला देऊ लागला, तर हात आखडता घ्यावा. माल चोरीचा आहे हे माहीत असून किंवा तसे मानायला कारण असून तो घेणे हा न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली गुन्हा आहे. भंगारवाल्या बांधवांनी विकणाऱ्याचे नाव आणि मोबाईल नंबर वहीत लिहिण्याची सवय ठेवावी. त्यात त्यांचेच संरक्षण आहे.

व्यापारी बांधवांना आमचे सांगणे एवढेच आहे की हे सर्व करायला मोठे भांडवल लागत नाही. एक वही, एक फळी, एक नंबर पंच, एक डबा रंग आणि पाळी बदलताना पाच मिनिटे. येत्या सुट्टीच्या दिवशी माग बंद असतील तेव्हा सर्व हत्यारे एका जागी काढा, मोजा, खुणा करा. बीमांच्या राशी हलवा, मागाखाली झाडून घ्या, शेजाऱ्याकडे निरोप पाठवा. हरवले म्हणून सोडून दिलेल्या पुष्कळ वस्तू त्याच दिवशी सापडतील. जी खरोखरच नाही तिची नोंद करा. आणि त्या दिवसापर्यंत कोणा कारीगरावर केवळ संशयाने आळ घेतला असेल, तर त्याला बोलावून घ्या आणि त्याची अडवलेली मजुरी आधी त्याच्या हातात ठेवा.